दोघांचा रिपोर्ट

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली शंभरेक मुलं समोर बसलेली असतात आणि मी फळ्यावर रंगीत खडूंनी बाईचं मासिक चक्र काढते. पहिला दिवस, चौदावा दिवस, अठ्ठाविसावा दिवस. बाण, रेषा, हार्मोन्सचे चढउतार, सगळं इतकं नीटनेटकं की मुलं मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. त्या काळात माझी स्वतःची पाळी कधी अडीच महिन्यांनी यायची, कधी चार. तास संपला की मी हातावरची खडूची पूड झटकायचे आणि घरी जायचे. फळ्यावरची बाई वेगळी आणि मी वेगळी, असं माझं पक्कं मत होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो, नवऱ्याचं एकशे दोन. तो पिपलानीच्या बाजूच्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर आहे. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि आमच्याबरोबर माझ्या सासूबाई. सासूबाई मूळच्या इंदूरच्या. भोपाळात चाळीस वर्षं काढूनही इथल्या पोह्यांना त्या अजून पोहे म्हणायला तयार नाहीत. दर रविवारी घरी पोहे-जलेबी व्हायची. सणाला दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर उकडून भाजलेले कणकेचे गोळे. बाफला तुपात पुरता बुडवून काढला नाही तर त्या म्हणायच्या, "हा तर दगड झाला."

मूल का होत नाही, याचा त्यांनी आपल्यापुरता शोध लावला होता. "अंगात ताकद पाहिजे, मग राहतं," असं त्यांचं म्हणणं. ती ताकद माझ्यात भरायची म्हणून त्या डिंकाचे लाडू करायच्या. रोज सकाळी दोन लाडू आणि एक पेला दूध, आणि ते संपेपर्यंत त्या समोर उभ्या. मी शहाण्या मुलीसारखी संपवायचे. खोटं कशाला बोलू, लाडू फार छान व्हायचे.

नवऱ्यालाही काही उपाय हवा असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. "माझा मुलगा खात्या-पित्या घरचा दिसतो," असं त्या कौतुकानं सांगायच्या आणि त्याच्या पोटावरून अशी नजर फिरवायच्या, की जणू ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. शेजारच्या भाभी फाटकाशी भेटल्या की हमखास विचारायच्या, "गुड न्यूज कब दे रही हो?" नवरा तिथंच स्कूटर पुसत उभा असला तरी तो प्रश्न त्याला वळसा घालून माझ्याकडेच यायचा.

शेवटी एक दिवस क्लास सुटल्यावर मी कुणाला न सांगता टी. टी. नगरात एका लेडी डॉक्टरकडे गेले. बाई साठीच्या. वडील सरकारी नोकरीत होते म्हणून नागपूरकडून लहानपणीच भोपाळला आलेल्या, पण बोलणं अजून तिकडचंच. मला खुर्चीत पुरतं बसूही दिलं नाही.

"नवरा कुठे आहे?"

"ड्यूटीवर."

"त्याला काहून नाही आणलं?"

"त्रास मला आहे ना, म्हणून…"

"त्याला नाही, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. आठवड्यानं मी रिपोर्ट घेऊन गेले, तेव्हा त्यांनी सोनोग्राफीचा कागद माझ्यासमोर सरकवला. बीजं तयार व्हायला लागतात, पण पुरती पिकून बाहेर पडत नाहीत, म्हणून पाळीचा पत्ता नसतो, असं त्यांनी समजावलं. वजन हे एकटंच कारण नाही, पण माझ्या बाबतीत मोठं कारण आहे.

"चरबी म्हणजे डब्यात भरून ठेवलेलं तूप नव्हे बाई. ती पण हार्मोन्स बनवते. शरीरात इन्सुलिन वाढतं, आणि मग अंडाशयाला निरोप पोचतो तो अर्धवट, नाही तर उशिरा."

"हे मी शिकवते," मी हळूच म्हटलं.

"कोणाला?"

"मुलांना. क्लासमध्ये."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग घरी पण एक फळा लावून घ्या नं."

मला राग आला. राग आला की मी वाद घालते. मी म्हटलं, माझी नणंद माझ्याहून जाड आहे, तिला तीन मुलं आहेत.

"असतील की. आणि काटकुळ्या पोरी पण माझ्यासमोर इथंच बसून रडतात. म्हणून तर तपासायचं असतं, अंदाज नाही बांधायचा." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "मी तुम्हाला बारीक व्हा म्हणत नाही. कसं दिसायचं ते तुमचं तुम्ही बघा. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळदा पाळी रुळावर येते, एवढंच सांगते. आणि पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या."

नवऱ्यानं तपासणीला नाही म्हटलं नाही. तो फक्त विषय निघाला की गाडीला पेट्रोल भरायला जायचा. पंधरा दिवस टाकी काठोकाठ भरलेली होती. सोळाव्या दिवशी मी मागच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "लॅबकडे घे."

लॅबमध्ये त्याला एक छोटी खोली दाखवली. खोलीची भिंत बिलाच्या काउंटरला लागून, आणि काउंटरवर एक काका कुठल्या तपासणीचे किती, यावर हुज्जत घालत होते. पाच मिनिटांत नवरा तोंड पाडून बाहेर आला. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. म्हणाली, घरून आणलं तरी चालेल, फक्त तासाभराच्या आत पोचलं पाहिजे, आणि थंड होऊ द्यायचं नाही, अंगाशी धरून आणा. मग तिनं झाकणाची एक छोटी डबी दिली.

घरी सासूबाई. त्यांना सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. त्या दर शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालायला जातात आणि देवळात गप्पा मारून दीड तासानं परततात. म्हणून शनिवार धरला. त्या गेल्या, फाटक वाजलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रेडिओ लावला.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. डबी रुमालात गुंडाळून नवऱ्यानं डाव्या बगलेत धरली. ती सरकू नये म्हणून हिवाळ्यातलं जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. आम्ही दार उघडलं, तर दारात सासूबाई. चष्मा विसरला म्हणून परत आल्या होत्या.

"जॅकेट? एप्रिलात?"

"थंडी वाजतेय," नवरा म्हणाला.

त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामानं थबथबलेलं. "थंडी वाजतेय आणि घाम पण येतोय. मलेरिया आहे हा. आत चल." एवढं म्हणून त्या थर्मामीटर घेऊन आल्या. "हात वर कर."

त्यानं उजवा हात वर केला. त्यांनी चेन थोडी खाली ओढून उजव्या बगलेत थर्मामीटर लावलं आणि त्यांचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. तो हात अंगाला घट्ट चिकटलेला होता.

"हा हात का आखडलाय? डावा हात आहे. छातीत दुखतंय का?"

"नाही गं आई."

"मग हलवून दाखव."

तो हात हलवेना. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या खिडकीकडे धावल्या आणि शेजारच्या भाभींना हाका मारायला लागल्या, "अजी सुनती हो, जरा गाडी निकलवाओ." माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. भाभी, त्यांची गाडी, इमर्जन्सी वॉर्ड, डॉक्टर जॅकेट उतरवतायत. बावीस मिनिटं होऊन गेली होती.

"आई," मी म्हटलं, "त्याच्या बगलेत माझ्या क्लासचं सॅम्पल आहे."

खिडकीतून त्या वळल्या. "कसलं सॅम्पल?"

"बायोलॉजीचं."

"मग ते त्याच्या बगलेत कशाला?"

"त्याला ऊब लागते."

त्या विचारात पडल्या. मग आवाज एकदम खाली आला. "अंडं आहे का?" आमच्या घरात अंडं येत नाही.

"नाही आई, अंडं नाही," मी म्हटलं. ते शंभर टक्के खरं होतं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. "पण साधारण त्याच प्रकरणातलं आहे. वेळेत नाही पोचलं तर वाया जाईल."

"मग जा ना. उभे काय राहिलात? आणि ते थर्मामीटर इकडे दे."

स्कूटर मी चालवली. नवरा मागे जॅकेट घालून एका हातानं मला धरून बसला होता. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीवरची माणसं त्या जॅकेटकडे बघायची. बावन्नाव्या मिनिटाला डबी काउंटरवर पोचली.

रिपोर्ट सोमवारी मिळाला. शुक्राणूंची संख्या कमी, आणि जे होते त्यांची हालचालही मंद. नवऱ्यानं तो कागद लॅबच्या पायऱ्यांवर बसून तीनदा वाचला. समोर कचोरीवाला होता, नेहमी तिथं नवऱ्याची स्कूटर आपोआप थांबायची. त्या दिवशी त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. मग तो म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं माझ्या वाटचे लाडूही तूच खाल्लेस."

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "चल, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे."

बाईंनी त्याला नीट तपासलं, शिवाय रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. दुसरा काही दोष सापडला नाही. पोटाचा घेर कमी करा, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं सोडा, रोज चाला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं सांगितलं. नवं बीज तयार व्हायला तेवढे दिवस लागतातच.

आता प्रश्न सासूबाईंचा. त्यांना न कळता आम्हाला कमी खायचं होतं, आणि हे कारखान्याच्या भिंतीवरून उडी मारण्यापेक्षा अवघड होतं. मी लाडू डब्यात भरून क्लासला न्यायला लागले. स्टाफरूममधले केमिस्ट्रीचे सर माझी वाट बघायला लागले. नवऱ्यानं आईला सांगितलं की कॅंटीनचं जेवण सक्तीचं झालंय. संध्याकाळी आम्ही भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचो आणि टाउनशिपच्या मैदानाला सहा फेऱ्या मारून एक कोथिंबिरीची जुडी घेऊन परत यायचो. सासूबाईंना दोन महिने काही कळलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "इतकी कोथिंबीर कोण खातं आपल्याकडे?"

मग आमच्या मराठी महिला मंडळात व्याख्यान ठरलं. सासूबाई मंडळाच्या सेक्रेटरी. विषय होता वजन आणि मातृत्व, आणि वक्त्या म्हणून कुणीतरी नेमक्या माझ्याच डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं होतं. मला हे कळलं ते हॉलमध्ये शिरल्यावर. मी शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. बाईंनी मला पाहिलं, आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघून नजर पुढे नेली. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

हॉलच्या मागे साबुदाणा वडे तळले जात होते. त्याचा वास येत होता आणि समोर बाई वजनावर बोलत होत्या. पाच मिनिटं बोलून त्या थांबल्या.

"सगळ्या बायकाच दिसताहेत. अर्धा विषय तर घरी टीव्हीसमोर बसला आहे."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, समजा मुलगा धडधाकट आहे. नोकरी चांगली आहे. नुसतं पोट जरा पुढे आहे. तर त्याचा यात काय संबंध?"

"धडधाकट म्हणता नं? न थांबता किती जिने चढतो तो?"

सासूबाईंनी मनातल्या मनात आमच्या क्वार्टरचे जिने मोजले असावेत.

"पोटावरच्या चरबीनं पुरुषाचे हार्मोन्स पण बिघडतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "खालच्या भागातली उष्णता वाढते. बीज कमी बनतं, सुस्त बनतं. पण कळत नाही कुणाला, कारण पुरुषाला पाळी नसते नं, चुकली म्हणून कळायला. तपासल्याशिवाय नाही कळत. आणि तपासायला आधी पाठवतात कोणाला? सुनेला. तिला सुया टोचून, नवस बोलून, चार वर्षं घालवून झाली की मग मुलाची आठवण येते."

सासूबाई हळूहळू वळल्या आणि खांबाआड मला शोधून काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत चाललेली मला दिसत होती. जॅकेट जुळलं, कॅंटीन जुळलं, कोथिंबीर जुळली.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, "एप्रिलातलं ते सॅम्पल."

"हो आई."

"आणि मी विचारलं, अंडं आहे का."

त्यांनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतायत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं, त्या हसत होत्या. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली तरी त्यांचं हसू थांबेना.

स्टॉपवर उतरल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "माझ्यापासून का लपवलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं तर वाटलं असतं. मी काय काचेची आहे?" दोन पावलं चालून त्या थांबल्या. "तुला समोर बसवून लाडू खायला घालत होते मी. नको म्हणायचंस ना एकदा."

"छान व्हायचे ते."

"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या कॅनव्हासचे बूट घालून आमच्या खोलीच्या दारात उभ्या. "चला. आजपासून भाजी आणायला सकाळी जायचं."

तिथून आमच्या घरची खासगी गोष्ट टाउनशिपची झाली. मैदानाच्या पहिल्याच फेरीत शेजारच्या भाभी भेटल्या. "क्या बात है, सब साथ में?" सासूबाई थांबल्या आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाल्या, "मेरे बेटे का काउंट कम है. इसलिए पैदल चल रहे हैं." नवरा त्या फेरीत आमच्या इतका पुढे निघून गेला, की तेवढ्या वेगात तो आजवर कधी चालला नव्हता.

त्यांना मग चेवच आला. मैदानावर नवं जोडपं दिसलं, सासू सुनेला बोलताना दिसली, की त्या तिकडे वळायच्या. "बहू का छोड़ो, दोनों का रिपोर्ट निकलवाओ." पुरुष लांबूनच त्यांना बघून फेरीची दिशा बदलायचे. हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी मोजपट्ट्या वाटल्या आणि प्रत्येकीला बजावलं, "ही नवऱ्याच्या पोटासाठी आहे." नवरा मला म्हणायचा, "आईला आवर." मी म्हणायचे, "तू आवर, तुझी आई आहे." दोघांनीही आवरलं नाही. कारखान्यात त्याच्या विभागातला एक जण एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी डबा बंद करता करता म्हणाला, "यार, वो लैब कहाँ है?" नवऱ्यानं त्याला पत्ता तर दिलाच, वर जॅकेटची गोष्टही सांगितली. त्या दिवसापासून त्यानं आईबद्दल तक्रार करणं सोडलं.

घरचा स्वयंपाक बदलला, पण सासूबाई हरल्या नाहीत. पोहे राहिले, जलेबी महिन्यातून एकदा झाली. बाफल्यावर तूप त्या चमच्यानं घालायला लागल्या आणि घालताना तोंड असं करायच्या, की कुणाच्या तरी तब्येतीची वाईट बातमी ऐकतायत. आठ महिन्यांत माझं नऊ किलो वजन उतरलं. मी काही सडपातळ झाले नाही. पण पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली, आणि पहिल्यांदा ती अगदी वेळेवर आली तेव्हा मी कॅलेंडरवर खूण करताना एखादं बक्षीस मिळाल्यासारखी बघत राहिले. नवरा एक्क्याण्णववर आला. त्याचा दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा थोडा बरा होता, तिसरा आणखी बरा. चौथ्याला जॅकेट लागलं नाही, त्यानं काउंटरशेजारची खोली बिनतक्रार वापरली.

तरी लगेच काही झालं नाही. बीज सुटावं म्हणून बाईंनी काही महिने गोळ्या दिल्या. त्या महिन्यांत आम्ही एकमेकांशी फार कमी बोलायचो आणि जास्त चालायचो. मग एका महिन्यात पाळी चुकली, आणि या वेळी त्याचं कारण वेगळं होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या देवापुढे बसल्या, दिवा लावला, आणि उठता उठता म्हणाल्या, "आता दोघांचं खायचं." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं, विचारते डॉक्टरना," असं म्हणून त्यांनी खरंच फोन लावला. बाईंनी नाही सांगितलं. शिवाय साखर वाढतेय का ते वेळोवेळी बघावं लागेल असंही सांगितलं, आणि नऊ महिने सासूबाईंनी माझ्या साखरेवर कारखान्याच्या सिक्युरिटीसारखा पहारा ठेवला.

मुलगी झाली. नर्सनं तिला आमच्या हातात देऊन वजन सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "ज़्यादा तो नहीं है?" नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली.

कारखान्यातला तो माणूस आणि त्याची बायको आता मैदानावर आमच्याबरोबर चालतात. दोघांची वजनं उतरलीत, दोघांचे रिपोर्ट ठीक आहेत, तरी त्यांना अजून मूल नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंही होतं, सगळंच वजनाच्या हातात नसतं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. आता त्या त्याच्या बायकोला उपदेश करत नाहीत, तिचा हात धरून फेऱ्या मारतात आणि इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळणाऱ्या खाण्याच्या गोष्टी सांगतात, एकेक पदार्थ, सविस्तर, तोंडाला पाणी सुटेपर्यंत. ती हसते.

बाळंतपणानंतर माझं चार किलो वजन परत आलंय, आणि नवऱ्याचं, बाळंतपण नसताना, पाच. या सोमवारपासून आम्ही पुन्हा सकाळचं चालणं सुरू केलंय. मुलीला सासूबाई सांभाळतात आणि आम्ही किती फेऱ्या मारल्या, ते घरी आल्यावर दोघांना वेगवेगळं विचारतात.